आबांची गाडी गळते

दिवेआगर,
५ जुलै २०२४

तीर्थस्वरूप दादास,
विनिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बघतो' म्हणून ठेवून देतोस, म्हणून आबांसारखं सरळ पत्रच लिहितेय. आम्ही सगळे ठीक आहोत. पावसामुळे पाहुणे नाहीत, खोल्या रिकाम्याच आहेत.

आबांची गाडी गळते रे. पाऊस लागल्यापासून पायाखालचा गालिचा ओलाच असतो. काचा आतून धुरकटतात आणि कुबट वास येतो. काल सासूबाई लुगडं वर धरून बसल्या नि म्हणाल्या, ही गाडी हाय का होडी. आम्ही हसलो खरे, पण पुढच्या महिन्यात त्यांना मोतीबिंदूसाठी माणगावला न्यायचंय.

दिवाळीत चावी देताना तू म्हणाला होतास, "आबांनी ठेवली तशीच आहे." त्याच सकाळी मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. घर, जमीन सगळं तुला, मला फक्त त्यांची गाडी. मग हे पाणी येतं कुठून? तुझा ट्रेलरचा धंदा, तुला कळेल. उपाय लिही.

वहिनींना नमस्कार, कल्पिताला आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
विनू

उरण,
१४ जुलै २०२४

चि. सौ. विनूस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र दिलं तेव्हा तुझ्या वहिनीला, पूर्वीला वाटलं, कोर्टाची नोटीसच आली.

अगं, जुनी गाडी, गळणारच. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचला की पाणी आत वळतं. दारांच्या आत प्लास्टिकचा कागद असतो, तो फाटलाय का बघ. मागच्या दिव्यांची रबरंही बघ. धनेशरावांना पाइप धरायला लाव आणि तू टॉर्च घेऊन आत बस. पाणी खालून सुरू करून सावकाश वर न्यायचं, म्हणजे जागा सापडते. गालिचा मात्र उचकटू नकोस, तो पुन्हा नीट बसत नाही.

कल्पिताचा साखरपुडा दसऱ्याला ठरतोय. आत्याशिवाय तिचं पान हलत नाही, तेव्हा आधीच ये.

आमच्यावरचा राग पाण्यावर काढ, पण जीव लावत राहा.

तुझा,
शिवदासदादा

दिवेआगर,
२० ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. जाळीतून घमेलंभर पाला निघाला. मागच्या डाव्या दाराचा कागद फाटलेला होता, तो बदलला. एका दिव्याचं रबरही नवं बसवलं. मग मी आत बसले आणि ह्यांनी टपापर्यंत पाइप मारला, तर थेंब आला नाही. मला इतका आनंद झाला की तुला लगेच फोन केला होता, आठवतंय ना.

तरी गालिचा वाळेना. म्हटलं वाळेल हळूहळू, आणि ह्यांच्या आईंना घेऊन माणगावला निघालो. घाटात वळणावर गाडी एकदम मेली. वायपर गेले, दिवे गेले, स्टेअरिंग दगडासारखं झालं. मागून येणारा ट्रक आम्हाला चुकवून गटारात उतरला. कोणाला लागलं नाही. मी पहिला फोन तुलाच लावला. बॅटरीची वायर सैल असेल, असं तू म्हणालास.

गाडी ओढून घरी आणली आणि मी गालिचा काढला. खाली स्पंजाचा नुसता लगदा, वायरी हिरव्या पडलेल्या आणि सीटच्या पायांपर्यंत बारीक करडा गाळ. बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट. दादा, मी आबांच्या मिठागरावर वाढले. पावसाचं पाणी खारट नसतं.

गाडी कुठे बुडाली होती?

वाट पाहते.
विनू

उरण,
२९ ऑगस्ट २०२४

सौ. विनिताताईंना,
पूर्वीचा स. न. वि. वि.

हे उत्तर देत नाहीत. दोनदा विचारलं तर उठून बाहेर गेले, म्हणून मीच लिहिते.

आबा गेले त्या पावसाळ्यात ह्यांनी गाडी करंज्याच्या बंदरावर उभी केली आणि जेवायला गेले. उधाणाचं पाणी सीटपर्यंत चढलं. धुऊन वाळवून घेतली, पण गॅरेजवाल्याने ही चालवू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही गाडी मागितलीत तेव्हा मी ह्यांना म्हटलं, ताईंना सांगा. हे म्हणाले, "सांगितलंय. ती आठवण म्हणून नुसती उभी करणार आहे." मी विश्वास ठेवला. तुमची पत्रं मला आता वाचायला मिळाली.

आईंची तब्येत कळवा. माझ्यावर राग धरू नका, एवढंच मागते.

पूर्वी

दिवेआगर,
७ सप्टेंबर २०२४

श्री. शिवदास यांस,
स. न. वि. वि.

वहिनींचं पत्र मिळालं. त्यांना काही बोलू नकोस.

हक्कसोड मी रद्द करून मागणार नाही. घाबरू नकोस. तू एकदा 'भिजली गं' म्हणाला असतास, तर मी तीच भिजलेली गाडी घेतली असती, वाडीत उभी केली असती आणि अधूनमधून आत जाऊन बसले असते. मला चालवायला हवी होती असं थोडंच होतं. पण तू मला रबरं शोधायला लावलीस. महिनाभर मी टॉर्च घेऊन बसले, आणि एकेक भोक बुजलं की हौसेने तुलाच कळवत होते. तू शाबास म्हणत होतास.

घाटातून फोन केला तेव्हा गाडी कुठे बंद पडली, एवढंच तू विचारलंस. आत कोण आहे ते विचारलं नाहीस. तुला ठाऊक होतं ना की आईंना त्याच गाडीतून न्यायचंय?

गाडी परवा भंगारात दिली. आईंचं ऑपरेशन झालं, त्यांना नीट दिसतं. साखरपुड्याला एसटीने येईन, कल्पिताला ओवाळीन आणि संध्याकाळच्या गाडीने परतेन. माझ्यासाठी खोली आवरू नका.

तुझा लोभ मागायला हात उचलत नाही.

विनिता