पुसला गेलेला बाण

३ सप्टेंबर

खोका आला! सर प्रयोगशाळेत येण्याआधी मीच फोडला. कागदात गुंडाळलेले दगड, प्रत्येकावर पिवळ्या मेणखडूचा बाण — डोंगरात असताना वरची बाजू कुठली होती ते सांगणारा. बाणाचं टोक डावीकडे कललेलं. लहानपणी पाटीवरही माझी कार्टी बाण असाच काढायची!

माझ्यासाठी एक ओळ नाही. डोंगरावर गेली ती अबोला धरूनच. सरांच्या विनवण्या करून इथल्या सूक्ष्मदर्शकावरची जागा मिळवली होती तिच्यासाठी. म्हणाली, "मला दगड काचेवर नाही, जागेवर बघायचाय." मग काय, बसायचं आता आईनं तिचे दगड कापत.

५ सप्टेंबर

दिवसभर करवत. चहालाही दगडाच्या पिठाची चव.

८ सप्टेंबर

आज पहिला दगड झाला. चकती कापली, काचेवर चिकटवली, उजेड आरपार दिसेपर्यंत घासली. अभ्रकाच्या रेघा आणि मधोमध गार्नेटचा गोल खडा!

सर म्हणाले, "हा मुळात समुद्रतळाचा चिखल, बरं का!" इतकी वर्षं ऐकतेय, तरी ऐकावंसं वाटतं. चिखल खोल गाडला जातो. वर डोंगराचं ओझं, खालून धग. पण तो वितळत नाही! घट्टच राहतो आणि आतल्या आत बदलतो. त्यातलेच कण जागा सोडतात, नवी धरतात, आणि गार्नेट वाढतं. वाढता वाढता गरगरतं, म्हणून त्याच्या पोटात गोगलगायीच्या पाठीसारखं वळण. त्यावरून थर कुठे सरकले ते कळतं — वरची बाजू माहीत असेल तर.

वितळणं सोपं असेल. मला तिची आठवण येते. रोज येते. लिहून टाकलं, झालं.

११ सप्टेंबर

फोन आला. यांना! मी आत भांडी न वाजवता घासत कान लावून होते. हे म्हणाले, "बरी आहे. दोघी एकाच माळेचे मणी!"

१५ सप्टेंबर

घात झाला. सगळ्यात मोठा दगड कापायला घेतला, तर बाणच नाही! नुसता पिवळट डाग. दगड आला की बाणावर आधी खाच पाडून ठेवायची, हे नवशिक्यालाही ठाऊक. पण तिच्या रेघेवर करवत घालवेना. वर रोज जेवणाच्या सुट्टीत त्यावर अंगठा फिरवत बसायचे. गेला बाण!

सर भडकले. "त्या कड्यावरचा एवढाच तुकडा होता! बर्फानं वाट बंद व्हायच्या आत तिला परत चढावं लागेल. तुम्हीच कळवा."

मीच! धरणी पोटात घेईल तर बरं.

१६ सप्टेंबर

केला फोन. घाईघाईनं म्हटलं, "बाण गेला. धुताना. पाण्यानं."

ती म्हणाली, "आई, तो खडू पाण्यानं जात नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग कशानं गेला?"

"हात फिरवून," म्हटलं. "तुझ्या हातचा होता ना."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. "बघते," म्हणाली आणि ठेवला.

पण मला 'आई' म्हणाली!

२४ सप्टेंबर

तिकडे बर्फ सुरू झालं म्हणे. फोन लागत नाही. हेही सारखे फोन उचलून बघतात. खड्ड्यात गेला तो दगड! माझी पोर धडपणे खाली उतरू दे.

४ ऑक्टोबर

खोका आला. या वेळी सरांच्या नाही, माझ्या नावावर. आत एकच दगड. बाण खडूचा नाही — छिन्नीनं कोरलाय, खोल. टोक डावीकडे कललेलं. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. जात नाही!

सर म्हणाले, "घ्या कापायला."

उद्या घेईन म्हटलं.