जोडीतला माझा बैल

मी, वासुदेव तानबाजी ढोले, राहणार रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, धंदा शेती, आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. छातीने दगा दिला असला तरी डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी पढवलेले नाही. पढवू पाहणारे होते, त्यांचे पुढे येईलच.

१) राहते घर व माझ्या वाटणीची शेती पत्नी शकुबाई हिला. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यामागे सारे माझा धाकटा भाऊ कवडू याच्या मुलांना.

२) तिफण, वखर, डवरा ही अवजारे कवडूला. पुढे तिफणीवर मी आणि मागे सरत्याच्या नळीतून मुठीने तूर पेरत तो, असे आम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून वावर पेरले. त्याच्या मुठीतून दाणा कधी दाट पडला नाही. हे त्याला सांगायचे राहून गेले.

३) मला पढवू पाहणारे मेहुणे बबनराव यांना काही देऊ नये. बहात्तर साली आम्हा भावांत बिनसले, तेव्हा ते पंच होऊन बसले आणि सगळे सारखे हवे म्हणून बैलजोडीसुद्धा फोडली. मोऱ्या मला, चांद्या कवडूला. ते घरी आले तर चहा मात्र द्यावा.

४) एका बैलाने वखर चालत नाही. म्हणून अबोला असूनही आम्ही दर हंगामात जोडी एकत्रच जुंपली. बोलणे बैलांमार्फत. मी म्हणायचो, "मोऱ्या, उद्या लवकर येजो." पलीकडून यायचे, "चांद्या, याले सांग, पोराले ताप हाये, उशीर होईन." पुढे बैल बदलले, नावे आम्ही तीच ठेवली.

माझ्यामागे मोऱ्या कवडूकडे जावा, विकू नये. जोडी पुन्हा एका दावणीला येईल. शिवाय कवडूला मला काही सांगावेसे वाटले, तर मोऱ्याला सांगता येईल.

हे सर्व हरिदास मास्तरांनी ओसरीवर वाचून दाखवले. कवडूला मुद्दाम बोलावले होते. चौथे कलम झाल्यावर तो उठून अंगणात मोऱ्याजवळ गेला. वाटले, नेहमीसारखे त्यालाच काही बोलणार. पण तो परत फिरला, माझ्या बाजेवर येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, बैल मले नको. तू नसला त त्याच्याशी बोलून मी का करू?"

कलम चार कायम आहे. मी रडलो, ते दोन्ही साक्षीदारांनी पाहिले.

सही: वासुदेव तानबाजी ढोले
साक्षीदार: १) हरिदास मास्तर २) लहानू, शेजारी (अंगठा)
रोहणा, ९ मे १९८४