दहा वर्षं टिकणारा माऊसपॅड

३ जानेवारी
संकल्प: हिला माऊसपॅड करून द्यायचा, फोटो छापलेला. आमच्या टेबलाला काच आहे आणि काचेवर माऊस धड चालत नाही. बाण एकीकडे, ही दुसरीकडे. सध्या खाली जुनं मासिक घालून भागवते. आजारपणात बसल्या बसल्या घरातले सगळे फोटो कॉम्प्युटरवर लावायला घेतलेत, मुलीसाठी. साधा पॅड कुठेही मिळतो. पण उभा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसानं बायकोला साधा पॅड द्यावा? आठवड्यात काम फत्ते.

५ जानेवारी, दुपारी
प्रिंटरवाल्याकडे जाऊन आलो. पद्धती तीन. स्क्रीन प्रिंटिंग: प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, शंभर नगांखाली तो हात लावत नाही. ट्रान्सफर: फोटोचा पापुद्रा इस्त्री केल्यासारखा दाबून चिकटवायचा. तासाभरात हातात, पण सहा महिन्यांत सोलतो. सब्लिमेशन: उष्णतेनं शाई धाग्यातच मुरते, सोलायला वर काही राहत नाही. दहा वर्षं बघायला नको, म्हणाला. मी म्हटलं, सिद्ध करा. त्यानं नमुने दिले, बहुधा मी दुकानातून जावं म्हणून.
घरी सांगितलं. ही म्हणाली, सहा महिन्यांचा आणा, मला पुरेल. असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

९ जानेवारी
हॉस्पिटल. डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाहेर बोलावलं. सहा महिने म्हणजेसुद्धा खूप झाले, असं काहीतरी. चार रिपोर्टांवरून निष्कर्ष काढणारा माणूस आमच्या खात्यात टिकला नसता. येताना मुलगी रडत होती. हळवी आहे, कुणावर गेलीय कोण जाणे.

१४ जानेवारी
घासण्याची चाचणी सुरू. रोज सकाळी दोन्ही नमुन्यांवर माऊस घासतो. ट्रान्सफरवर चहा सांडला, मुद्दाम. सब्लिमेशनवरही सांडला, चुकून. ही रोज विचारते, आणलात का. सांगितलं, घाईत माणूस फसतो.

२१ जानेवारी
सब्लिमेशन नक्की. आता फोटोवरून मतभेद. मला हवा गेल्या महिन्यातला बागेतला, दोघांचा, मी कोटात. हिला हवा मी खुर्चीत झोपलेला, तोंड सताड उघडं. म्हणाली, तुम्ही कुणाला शिकवत नाही आहात असा एवढाच एक फोटो सापडला. मुलगी तटस्थ राहिली, म्हणजे माझ्या बाजूची. बागेतला दिला.

२ फेब्रुवारी
पहिलं प्रूफ परत केलं. हिच्या चेहऱ्यावर पिवळट झाक. प्रिंटरवाला म्हणाला, फोटोतच तशी आहे. मी म्हटलं, मग फोटो दुरुस्त करा. बाई मुळात पिवळ्या नाहीत.

१२ फेब्रुवारी
घरभेदीपणा. हिनं परस्पर फोन करून ट्रान्सफरचा पॅड करवला आणि मुलीनं तो आणून दिला. झोपलेला फोटो. आता ही दिवसभर माझ्या तोंडावरून माऊस फिरवते. एक कोपरा आत्ताच सुटलाय, तो दाखवला. म्हणाली, अहो, मला आज हवा होता. आणि हसली, पुष्कळ दिवसांनी. हसण्यावर दर्जा ठरत नसतो.

१ मार्च
ही आता पलंगावरूनच काम करते, मांडीवर ताट, ताटात पॅड. हात थकला की माझ्या हातावर ठेवते आणि मी माऊस हलवतो. मी भलतीकडेच नेतो म्हणते. फोटो लावत लावत आज मुलीच्या शाळेपर्यंत आलो. दुसरं प्रूफ लालसर. परत केलं. घाई नाही.

१९ मार्च
सकाळी ही गेली.
घरात माणसं आहेत. चहा कुणी केला माहीत नाही.

८ एप्रिल
सब्लिमेशनचा पॅड आला. काम उत्तम. कडा सरळ, पिवळेपणाचा मागमूस नाही. पिवळेपणा काढता काढता चेहरा मात्र दुसऱ्याच कुणा बाईचा झालाय. नखानं खरवडून पाहिलं, काही निघत नाही. दहा वर्षं राहणार हा.
सहा महिने मिळाले असते तरी चाललं असतं मला.

११ एप्रिल
तिचा पॅड प्रिंटरवाल्याकडे नेला. मधोमध, जिथे तिचा माऊस फिरायचा, तिथे माझं नाक आणि तोंड पुसलं गेलंय. मनगट टेकायचं तिथे डाग आहे. विचारलं, हा असाच राहावा यासाठी कुठली पद्धत? तो म्हणाला, नवा छापून देतो, फोटो आहे माझ्याकडे. म्हटलं, फोटो नको, हे पुसलेलं टिकवायचंय. त्यानं पॅड उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाला, काका, त्याला पद्धत नाही. वापरू नका, एवढंच.
घरी आलो. मुलीच्या शाळेनंतरचे फोटो लावायचे राहिलेत. जुनं मासिक शोधून काढलं, माऊसखाली घालायला.