एका पायावरची दीक्षा

शेलूबाजार,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९७६

श्री. माणिकचंदजी यांस, चांदमलचा आदरपूर्वक जयजिनेंद्र. भाभींचा दमा कसा आहे? कारंज्याची थंडी त्यांना सोसत असेल अशी आशा करतो. इकडे तुमच्या बहिणीची, धापूबाईची, प्रकृती उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे, आणि माझं रडगाणं तेच आहे.

माझा उजवा घोटा तुम्हाला ठाऊकच आहे. (तुमच्या लग्नात बासुंदीच्या बादलीसकट मी तुमच्या सासऱ्यांवर पडलो, तो हाच घोटा.) सपाट जमिनीवरही तो मुरगळायचा, म्हणून पावसाळ्यात नागपूरला ऑपरेशन केलं. डॉक्टर नव्या पद्धतीचा. म्हणाला, मोठं फाडायचं नाही, दोन बारीक चिरा देऊन सांध्याची सैल पडलेली शीर आवळून टाकू. आवळली. प्लास्टर निघेपर्यंत मी तिथेच मामेभावाकडे राहिलो आणि इथेच चुकलं. गावात परतलो तेव्हा पायावर प्लास्टर नाही, खूण म्हणावी तर डास चावल्याएवढी. ऑपरेशनवर कुणाचा विश्वासच बसेना. (शेजारच्या भाऊसिंगची हर्नियाची शिवण वीतभर आहे, आणि तो ती कुणालाही दाखवतो.) मग चातुर्मासात हा माणूस होता कुठे, याचा अर्थ गावाने आपापल्या परीने लावला: कुठेतरी मुनीमहाराजांच्या पायाशी बसून वैराग्य शिकून आला.

त्यात डॉक्टरने व्यायाम दिलेला: रोज सकाळी त्या एकाच पायावर, डोळे मिटून, न हलता उभं राहायचं. घरात जागा नाही म्हणून दुकानाच्या ओट्यावर उभा राहू लागलो. एके दिवशी डोळे उघडले तर पुढ्यात तांदूळ वाहिलेले, आणि रामकिसन हमाल पाया पडून म्हणून राह्यला, "शेटजी, आमच्या लेकरावर ध्यान ठेवजा." मी घोट्याची हकीगत सांगितली. लोक म्हणाले, केवढी ही नम्रता. समाजाचे जिनदासकाका तर मी आता संसार सोडून साधू होणार असं धरून दीक्षेच्या मिरवणुकीसाठी बग्गी ठरवून आले. व्यायाम सोडला तर घोटा जातो, चालू ठेवला तर संसार जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझी सगळी भिस्त आपल्या रिवाजावर होती. घरच्यांनी आज्ञा दिल्याशिवाय दीक्षा होत नाही. काका धापूकडे आज्ञा मागायला आले तेव्हा मी आत निर्धास्त चहा पीत होतो. ती तूर निवडता निवडता म्हणाली, "जाऊन राह्यले तर जाऊ द्या. मी कायले आडवी येऊ?" बशीतला चहा निवायच्या आत मी संसारातून मोकळा झालो. तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. माणिकचंदजी, मन फार खचलं आहे.

आपला,
चांदमल

ता. क. : घोटा मात्र आता पक्का झाला आहे. हे कुणाला सांगावं, कळत नाही.

आणखी ता. क. : बग्गीचं मी पाहून घेईन, मीच नाही म्हटल्यावर काका मला बांधून थोडेच नेणार आहेत. तुम्ही एवढंच करा. एकदा जीपने इकडे या आणि बहिणीला सहज विचारा, यांनी घरी राहावं असं तुला वाटतं का. मी विचारायला लावलं हे बोलू नका. ती हो म्हणाली तर जसंच्या तसं मला सांगा. नाही म्हणाली, तर थट्टेत म्हणाली असं सांगा.