पप्पांच्या पुडीतला पाचवा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

पप्पांची साखर पुन्हा नॉर्मल! तीन महिने डॉक्टरांची गोळी बंद, फक्त झाडपाल्याचं औषध देणाऱ्या जिवलीअक्काची पूड, गुडमारच्या वेलाच्या पाल्याची. धरणगावात भेटेल त्याला रिपोर्ट दाखवत फिरतात. दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यापासून हाताला काम नव्हतं, ते मिळालं. मला म्हणाले, "तुन्ही लॅबमा तपास. मंग बठ्ठास्ले दखाडसू." म्हणजे सगळ्यांना दाखवायला लॅबचाही कागद हवा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवाच होता. डब्यातल्या पाच पुड्या घेऊन जळगावला आले.

५ फेब्रुवारी

प्रोजेक्टच्या गाइड मॅडमनी झाडलं. घरची पुडी म्हणजे नमुना नव्हे – पाला कुठला, तोडला कोणी, ओळखला कोणी? चूक माझीच.

९ फेब्रुवारी, रविवार

शिरपूरच्या वर, जिवलीअक्काच्या पाड्यावर जाऊन आले. अक्का हसायलाच लागली. "नळीमा टाकीसन काय दखस? पहिले खाई दख." पान चावलं. वर तिने गुळाचा खडा दिला – नुसती माती! गूळ गोडच लागेना. मी तोंड वाकडं करून बसलेली आणि पाड्याची फुकट करमणूक. पाला, वेलाची फांदी, तिने कुटलेली पूड, सगळं पिशवीत घातलं. पप्पांना हीच पूड देते म्हणाली.

१४ फेब्रुवारी

पिष्टाची साखर करणाऱ्या एन्झाइमला अक्काच्या पुडीचा अर्क किती अडवतो ते पाहिलं. अडवतो – जेमतेम. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर कोणाची गोळी सुटत नाही. मग पप्पांची साखर उतरली कशी? ते गोळी सोडून बसलेत. मला भीती वाटली, खरंच.

१८ फेब्रुवारी

आज अक्काच्या आणि पप्पांच्या पुडीचे अर्क सिलिकाच्या पट्टीवर शेजारी शेजारी चढवले. घटक वेगळे होऊन ठिपके उमटतात. अक्काच्या पुडीचे चार. पप्पांच्या पुडीचे पाच!

पाचवा कुठला? मॅडमना शंका आली. मेडिकलमधून मधुमेहाची गोळी आणून तीही चढवली. तिचा ठिपका तंतोतंत त्याच उंचीवर. "पूड देणारे कधी कधी मिसळतात," मॅडम म्हणाल्या. क्षणभर मीही अक्कावर संशय घेतला. लाज वाटते. तिच्या पुडीत तर गोळी नाहीच. मग भेसळ घरात होते. आणि घरी पुड्या बांधतं कोण? आई.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धरणगाव. पप्पा बाहेर गेल्यावर आईला विचारलं. ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, "हा, मीच टाकस. तुना पप्पा चार मानसंस्मा सांगी बसनात – गोळीले हात लावाव नई. मंग मी लावा." रोज एक गोळी कुटून एका पुडीत! कुटलेली चालते का, हे डॉक्टरांना विचारूनसुद्धा आली होती.

हसावं की रागवावं कळेना. मी हसले. पप्पांना सांगायचं नाही, असं वचन घेतलं तिने. त्यांना कळलं तर पूडही सोडतील. गोळ्या पुरतात का, विचारलं. म्हणाली, डब्यात जुनाच साठा आहे, संपतच नाही बाई.

२३ फेब्रुवारी

पप्पा स्टेशनवर सोडायला आले. गाडी दिसली तसे हळूच म्हणाले, "तुन्ही मायले सांगजो नको. पन डबामा गोळ्यास्नं नवं पाकीट कोन ठेवस, हाई तिनी आजलगून इचारं नई."