सर्वानुमते

हातखंबा

ती. सुंदराआत्येस,
जय भीम.

हे पत्र तुला तुझ्या नातीकडून, स्नेहलकडून वाचून घ्यावं लागेल आणि माझं हे तिला कळायला नको, म्हणून मी ते टाकणार नाही.

आपल्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये अकराचा चहा करायला सहा जुन्या बायकांचे वार ठरलेले होते. बौद्धवाडीतली तू एकटीच. तुझ्या बुधवारी सगळ्यांना नेमका उपास असायचा. भरलेले कप तू मोरीत ओतायचीस.

मी सुपरवायझर झालो तेव्हा एका शब्दात हे थांबवू शकलो असतो. पण आपल्या माणसाची बाजू घेतली, असं कोणी म्हणायला नको होतं. म्हणून आंबे कापणं थांबवून मी मतदान घेतलं. "वार चालू ठेवायचे, की रोजचा चहा सोनूबाईंनी करायचा? सोनूबाई म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

अठ्ठावीस हात मोजले. अठ्ठाविसावा तुझा होता, रसाने माखलेला. लहानपणी मला शाळेच्या फाटकात सोडताना हलवायचीस तशी तू मान हलवलीस. जा, काही होत नाही.

मालकांनी पाठ थोपटली, "अमरदीप, भांडण न होता मिटवलंस." रजिस्टरात मी लिहिलं, सर्वानुमते.

पुढच्या बुधवारी सोनूबाईंनी पहिला कप मला दिला. मी तो प्यायलो. मग तुझ्यापुढे ट्रे आला, तर तू म्हणालीस, "नको गो, आज माझा उपास हाय."

आपल्या घरात कोणी कधी उपास केलाय, आत्ये?

तुझ्या हातचा चहा पिऊन वाढलेला,
अमरदीप