उसनी पुतणी

२१ मार्च १९६१, महाड
आज चार घरं, चार नकार. काल सत्याग्रहाच्या दिवसासाठी तळ्यावर माणसं जमली होती, म्हणून आज प्रत्येक मालकाला जात कळायला आधी आडनाव हवं. इंदूला आडनाव नाही. अनाथाश्रमाने वाढवली आणि अठरा पुरी होताच दार दाखवलं. दोन वर्षं दवाखान्यात सुईणीच्या हाताखाली राबते, तिथल्याच पडवीत निजते. नवे डॉक्टर म्हणतात, महिनाअखेर पडवी मोकळी करा.
अशा पोरांना भाड्याने जागा मिळवून देणाऱ्या आमच्या खोली-समितीसाठी गोळेमास्तरांनी छापील अर्ज केलाय. नाव, नोकरी, वर्तणूक, दोन सह्या. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याने त्याच्यावर पान ठेवून चुना लावला. समिती म्हणजे गो.मा. आणि मी. ते अर्ज चुलीत घाला म्हटलं, तर रुसले.

२६ मार्च
खोली मिळाली! रमाकाकूंची, मागच्या दाराची, चूल वेगळी. काकूंनी विचारलं, "एकटी मुलगी? कोणाची?" म्हटलं, "माझ्या दिराची. माझी पुतणी." तोंडातून निघून गेलं. बाई लगेच मऊ. अर्जांनी सात महिन्यांत जमलं नाही ते एका शब्दात.
गो.मा.ना सांगितलं, यापुढे समितीने अर्ज नव्हे, नातेवाईक पुरवायचे. मुलाला काका, मुलीला मावशी. "म्हणजे खोटं बोलायचं?" म्हणे. यांच्या खरेपणाने आजवर एकाच्या डोक्यावर छप्पर आलेलं नाही.
इंदूने कडी आतून लावून पाहिली. दोनदा.

४ एप्रिल, पोलादपूर
माझे चुलत सासरे, तात्या, काल रात्री गेले. सकाळच्या गाडीने आले. दहा दिवस सुतक. भाऊजी दारातच होते. हाच तो दीर, ज्याला न विचारता मी एक लेक देऊन बसलेय. "आलात वैनी?" एवढंच. यजमानांमागे मी नोकरी धरली तेव्हापासून आमचं बोलणं एवढंच.

८ एप्रिल, महाड
अक्कल गहाण टाकली होती मी.
काल काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मला विधवेला बोलावणं असण्याचा प्रश्नच नाही. इंदूने कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, गौरीपुढे आरास मांडली, गल्लीभरच्या बायकांना पन्हं दिलं. संध्याकाळी काकूंचा पोलादपूरचा भाऊ आला, तात्या गेल्याची बातमी घेऊन.
सुतक मी पाळतेय. पण जिला पुतणी केली तिलाही ते लागतं, हे डोक्यातच आलं नाही!
आज काकूंनी रस्त्यात गाठलं. चार हात लांब उभ्या, माझा स्पर्श नको म्हणून. "अंगावर सुतक घेऊन तुमची पोर माझ्या गौरीला शिवली! तुमचीच आहे ना ती? की नाही?"
"माझीच. तिला कळवायचं राहून गेलं."
"मग तेराव्याला न्या तिला. माझा भाऊ असेल तिथे. बापाच्या तोंडून ऐकू दे त्याला. नाहीतर त्याच दिवशी तिचं गाठोडं बाहेर."

१० एप्रिल
इंदूला सुतकात बसवलं. दवाखान्यातून रजा. "बाई, मेलं कोण?" "तात्या." "मी त्यांना बघितलापण नाय." म्हटलं, खोली हवी ना? त्यावर असं पाहिलंन माझ्याकडे, की मीच मान फिरवली.
भाऊजींना पत्र टाकलं, सगळं खरं लिहून. गो.मा. म्हणाले, "मी सांगतच होतो." छत्री हातात होती. आवरली.

१४ एप्रिल
भाऊजींचं उत्तर. "वैनी, माझ्या नावावर कोणाचीपण पोर लावता? माझ्या दोन पोरींची लग्ना व्हायची हायत. तिला आणू नका."
फाडलं. आणणार.

१६ एप्रिल, रविवार
तेरावा झाला. अंगणात सगळ्यांसमोर काकूंच्या भावाने विचारलं, "ही थोरली का तुमची?" भाऊजींनी इंदूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "जेवणाच्या टायमाला काय इचारता? बसा पंगतीला," आणि आत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जाऊबाईंनी इंदूचं पान मांडलं ते पाहुण्यांत, घरच्या मुलींच्या ओळीत नाही. भावाने ते बरोबर हेरलं. मेल्याची नजर जेवणावर नव्हतीच.
येताना गाडीत काकूंचा भाऊ पुढे, बहिणीला सगळं सांगायला निघालेला; आम्ही मागे. इंदू पहिल्यांदाच आपणहून बोलली.
"बाई, मी खोली मागितली होती. बाप नव्हता मागितला."
असा राग आला! एवढी धावाधाव करून हे ऐकायचं? मग लाज वाटली. सात महिने मी मालकांना काय चालेल तेवढंच पाहत आले. तिला काय चालेल, हे एकदाही विचारलं नाही.
महाडला उतरल्यावर भाऊ झपाझप गल्लीकडे गेला. मी येते म्हटलं, तर इंदू म्हणाली, "नको. काय सांगायचं ते मीच सांगतंय." आणि त्याच्या मागोमाग चालू लागली.
दिवेलागण झाली. अजून कोणी आलेलं नाही, ना ती, ना काकू.